गणपतीपुळ्याच्या रानातली बाळंतीण

गणपतीपुळ्याला जाणारा माणूस देवासाठी जातो. पहाटे निघावे, दर्शन घ्यावे, डोंगराला अनवाणी प्रदक्षिणा घालावी, दुपारी देवस्थानची खिचडी खावी, संध्याकाळी पुळणीवर पाय भिजवावेत आणि आंबापोळी, आमसुले, काजू घेऊन परत फिरावे, असा सगळ्यांचा परिपाठ. त्यात वाईट काही नाही. स्वयंभू देव, तोंड पश्चिमेला, पायाशी समुद्र आणि पाठीशी डोंगर. हा डोंगरच देव मानलेला, म्हणून प्रदक्षिणा नुसत्या देवळाला नाही, सबंध डोंगराला घालायची. वाट सुमारे एक किलोमीटरची आहे. त्या वाटेने माणसे खाली बघत, भराभर पाय उचलत जातात. वर झाडीत कोण बसले आहे हे कोणी बघत नाही.

या चैत्रात आम्ही तिथे तीन दिवस राहिलो, आणि देवदर्शनाबरोबर पाखरे पाहण्यासाठी राहिलो. हे सांगितले तेव्हा आमच्या आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. "पाखरे काय आपल्या उसात नाहीत होय?"

आहेत की. पण या प्रवासाचे निमित्त निराळे होते. आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. गेल्या वर्षी तो रजा काढून दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गेला. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातल्या अरण्यात, एका लाकडी विश्रामगृहात चार दिवस राहिला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत पक्षी पाहिले. फोटो त्याने मोबाईलवर पाठवले. त्यात टूकान नावाचा एक पक्षी होता. काळे अंग, गळ्याशी पांढरा रंग, आणि चोच एवढी मोठी की पक्ष्याला चोच लावली की चोचीला पक्षी, असे वाटावे. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अगो, याचा चुलतभाऊ आमच्या माहेरी आहे."

सासूबाईंचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. त्या म्हणत होत्या तो पक्षी म्हणजे ककणेर. पुस्तकात त्याला कवड्या धनेश म्हणतात, कोकणात काही ठिकाणी गरुडही म्हणतात. थोरली लेक कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती लगेच म्हणाली, "आजी, चोचीवर जाऊ नकोस. दोन्ही फळे खाणारे, म्हणून दोघांच्या चोची लांब झाल्या. नाते काही नाही." यावर सासूबाई म्हणाल्या, "नसू दे. पण मला तो मरायच्या आधी एकदा परत बघायचा आहे." मग काय बोलणार? ऊस कारखान्याला गेला होता, खोडव्याला पाणी द्यायला गडी होता. पाडवा झाल्यावर निघालो.

इस्लामपूरहून कोल्हापूर, मलकापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा. पुढे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. हातखंब्याहून थोडे उत्तरेला निवळीचा फाटा आहे, तो थेट गणपतीपुळ्याला आणतो. येताना मात्र रत्नागिरीला आरे-वारेच्या रस्त्याने यावे. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता, डोंगराच्या कडेकडेने जातो आणि समुद्र सारखा सोबतीला असतो. एस.टी.ही त्या वाटेने जाते.

आमची उतरण्याची सोय मालगुंडच्या पलीकडे एका वाडीत झाली होती. मालगुंड म्हणजे कवी केशवसुतांचे जन्मगाव. त्यांच्या घराजवळ १९९४ पासून स्मारक आहे, तेही पाहिले. आमचे यजमान म्हणजे आमच्यासारखेच शेतकरी कुटुंब. जांभ्या दगडाचे घर, पुढे सारवलेले खळे, मागे नारळी-पोफळीचे आगर, वरच्या अंगाला हापूसची कलमे, आणि त्याच्याही वर सडा. कलमे सांभाळून दोन खोल्या पाहुण्यांना देतात. सरकारी भाषेत त्याला 'निवास न्याहारी' म्हणतात. न्याहारीला घावन आणि नारळाची चटणी, दुपारी तांदळाची भाकरी आणि ओल्या काजूगरांची उसळ. ती उसळ आम्हा घाटावरच्या माणसांना वर्षातून एकदा मिळाली तरी पुरे.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आधी पुळणीवर गेलो. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, त्यावरूनच गावाला पुळे म्हणतात असे सांगतात. या वेळी माणसे नसतात, आणि माणसांची जागा पाखरांनी घेतलेली असते. ओल्या वाळूवर चिमणीहून थोडी मोठी, करड्या रंगाची पाखरे घोळक्याने पळत होती. लाट मागे गेली की धावत जायचे, वाळूत चोच मारायची, लाट आली की उलटे पळायचे. यांना चिखल्या म्हणतात. पलीकडे कुरव बसले होते, पांढरे, कबुतराहून मोठे. लेकीने दुर्बीण हातात दिली. "आई, त्यांची डोकी बघ." काहींची डोकी पांढरी होती, काहींची तपकिरी झाली होती. थंडीत सगळ्यांची पांढरीच असतात. चैत्र आला की तपकिरी होऊ लागतात, म्हणजे घरी जायची वेळ झाली. आणि घर कुठे? लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी. या चिखल्यांतल्याही कितीएक तिकडच्याच. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात परततात ना, तसेच हे. फक्त मुकादम नाही आणि उचलही नाही.

तिथेच खडकावर एक काळपट बगळा आणि शेजारी एक पांढरा बगळा उभा होता. दोघे एकाच जातीचे, समुद्र बगळे. एका जातीत असे दोन रंग असतात. आमच्या सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. लग्नाच्या बोलण्यात ती सांगण्यासारखी आहे, असे त्यांचे मत पडले.

आरे-वारेच्या बाजूला एका उंच झाडावर समुद्री गरुडाचे घरटे पाहिले. घरटे कसले, काटक्यांची बैलगाडीभर रास! डोके आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखी, घारीहून कितीतरी मोठा. दरवर्षी जोडी त्याच घरट्याची डागडुजी करून वापरते. मासे आणि समुद्रातले साप हे याचे खाणे. सापाला पायात धरून तो झाडाकडे येताना दिसला तेव्हा आमचे 'हे' जे इतका वेळ गाडीत बसून बाजारभाव बघत होते, ते खाली उतरले. त्यानंतर दुर्बीण मला फारशी मिळाली नाही.

आगरात बसल्या जागी जे दिसले ते वेगळेच. नारळाच्या मोहोरावर शिंजीर, म्हणजे अंगठ्याएवढा चमकदार पक्षी, मध पीत होता. पोफळीतून बाणपाखरू गेले. पांढरेफेक अंग आणि हातभर लांब शेपटीच्या दोन फिती, जणू कोणी हवेत रिबीन सोडली. खाडीकाठी काळ्या डोक्याचा खंड्या. सड्यावर टिटवी ओरडत होती. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे तिकडेही मानतात.

पण ककणेर काही दिसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी यजमानीणबाई, त्यांना आम्ही वहिनी म्हणू लागलो होतो, हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "आजींना चालवेल का थोडे? बाळंतिणीला बघायला जाऊ." आम्हाला वाटले वाडीत कोणी बाळंतीण आहे. मी रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून बांगडीची डबी शोधू लागले. वहिनी हसल्या. "तिला बांगड्या नकोत. तिला उंबर लागतात."

कलमांच्या वरच्या अंगाला, बांधावर, एक रायवळ आंबा आहे. चार माणसांच्या कवेत न मावणारा. वहिनींच्या आजेसासऱ्यांच्या वेळीही तो म्हाताराच होता म्हणे. त्याच्या खोडाला, दोन पुरुष उंचीवर, जुनी फांदी मोडून पडली तिथे ढोली झाली आहे. ढोलीचे तोंड लिंपलेले होते. मध्ये फक्त एक उभी फट, दोन बोटांची. आम्ही करवंदीच्या जाळीमागे बसलो. वहिनींनी बोलायचे नाही म्हणून बजावले होते. अर्ध्या तासाने वरून घुस्स घुस्स असा आवाज आला, कोणी मोठ्या पंख्याने वारा घालावा तसा. नर आला. काळी पाठ, पांढरे पोट, पिवळी बाकदार चोच आणि चोचीवर काळे-पिवळे शिंग. फटीशी चिकटून बसला, मान हलवली, आणि गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणले. आतून दुसऱ्या चोचीचे टोक बाहेर आले आणि उंबर आत गेले. मग दुसरे. मग तिसरे. लेक मोजत होती, एकवीस झाले. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास मादी ढोलीत शिरते. आपली विष्ठा आणि फळांचा चोथा कालवून ती आतून दार लिंपून घेते आणि एवढीशी फट ठेवते. साप, माकड, घोरपड कोणी आत येऊ शकत नाही. आत ती अंडी घालते, आणि तिची उडायची पिसे गळून पडतात. नवी येईपर्यंत ती उडू शकत नाही. दोन-तीन महिने ती आत. तिचे आणि पिल्लांचे सारे जेवण नराने आणायचे. वड, पिंपळ, उंबर ही मुख्य फळे, काजऱ्याच्या फळाचा गर सुद्धा तो खातो, जो आपल्याला विष. पिल्लांसाठी अधूनमधून सरडा, किडा. दिवसातून कितीतरी खेपा. वहिनी म्हणाल्या, "पहिल्या बाळंतपणाला आमच्या ह्यांनी मला दोन शहाळी आणून दिली होती, ती अजून सांगतात. हा बघा, सांगत नाही, बोलत नाही."

म्हणूनच नराला कोणी मारले तर नुसता एक पक्षी मरत नाही. आत मादी आणि पिल्ले यांच्यावर उपासमार ओढवते. पूर्वी धनेशाच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर चालते या समजुतीने त्याची शिकार होई. सांधे त्याने बरे होत नाहीत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट: धनेशाला स्वतःला भोक पाडता येत नाही. सुताराने कोरलेले किंवा फांदी मोडून कुजून झालेले बीळच त्याला लागते, आणि एवढा मोठा पक्षी मावेल असे बीळ कोवळ्या झाडाला पडत नाही. झाड म्हातारे व्हावे लागते. कलमाचे हापूस त्याच्या कामाचे नाहीत. रायवळ, बेहडा, सातवीण, सावर, अशी जुनी झाडे हवीत.

आणि रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडे आहे. जे रान दिसते ते बहुतेक लोकांच्या मालकीचे, किंवा देवराईचे. म्हणजे धनेशाचे घर कोणाच्या ना कोणाच्या सातबारावर आहे.

त्या रायवळाचेही तसेच. बांध सामायिक. सातबारावर नावे अकरा, त्यांतली आठ मुंबईला. दरवर्षी कलमांचा हंगाम जवळ आला की लाकूडवाला वाडीवाडीतून फिरतो. रायवळाचे लाकूड आंब्याच्या पेट्यांना आणि सरपणाला जाते. पावसाच्या आधी तोड व्हावी लागते, नाहीतर लाकूड रानातून निघत नाही. नेमके तेच महिने ककणेराच्या बाळंतपणाचे. या माघातही तो येऊन झाडाला दोरी लावून घेर मोजून गेला होता. मुंबईच्या एका भावाने फोनवर होकार दिला होता. त्याचेही चूक नव्हते. त्याने ते झाड वीस वर्षांत पाहिले नाही, त्याच्या दृष्टीने ते सातबारावरचे नुसते पडून राहिलेले लाकूड.

वहिनींनी काय केले ते ऐका. त्यांनी 'पक्षी वाचवा' वगैरे काही म्हटले नाही. त्यांनी हिशेब केला. झाडाचे जे पैसे येणार ते अकरा नावांत वाटले, तर एकेकाच्या वाट्याला मुंबईहून यायचे-जायचे भाडेही धड सुटत नाही. तेही एकदाच. उलट गेल्या दोन हंगामांत पुण्या-मुंबईचे लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन या झाडासाठी मुद्दाम आले, राहिले, जेवले, जाताना कोकम आणि पापड घेऊन गेले. वहिनींनी वहीत प्रत्येक पाहुण्याचा हिशेब लिहिला आहे. ती वही त्यांनी मला दाखवली, किती आले ते इथे सांगत नाही, घरची गोष्ट आहे. पण दोन हंगामांची बेरीज लाकडाच्या पैशांपेक्षा जास्त होती. ती वही त्यांनी मोबाईलवर फोटो काढून मुंबईला पाठवली, आणि खाली लिहिले की यापुढे झाड बघायला येणाऱ्याकडून वेगळे पैसे घेऊ आणि ते अकरा नावांत वाटू. यंदाची तोड थांबली. कायमची थांबली असे नाही.

मला पुतण्याने सांगितलेली गोष्ट आठवली. पेरू देशात तांबोपाता नदीच्या काठी इन्फिएर्नो नावाचे गाव आहे. तिथे एसे एहा नावाचे मूळचे लोक आणि नदीकाठची इतर शेतकरी कुटुंबे राहतात. रान त्यांच्या मालकीचे. १९९६ साली गावाने एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला: नफ्यातले ६० टक्के गावाला, ४० टक्के कंपनीला. १९९८ साली 'पोसादा अमेझॉनास' नावाचे विश्रामगृह सुरू झाले. नावाडी, वाटाडे, स्वयंपाकी गावातलेच. आपला पुतण्या जिथे राहिला ते हेच. तिथे नदीच्या उभ्या मातीच्या दरडीवर सकाळी लाल-निळे मोठे पोपट शेकड्यांनी येतात आणि चक्क माती खातात. मातीत मीठ असते म्हणून. आपण दुभत्या म्हशीला मीठ चाटायला ठेवतो, तोच प्रकार. आणखी एक होआत्झिन नावाचा पक्षी आहे, तो पाला खातो आणि आपल्या गुरांसारखा पोटात आंबवून पचवतो. अंगाला शेणासारखा वास येतो म्हणे. त्याच्या पिल्लाच्या पंखांना नख्या असतात, त्यांनी ते फांदीला धरून चढते. त्या एका देशात पक्ष्यांच्या अठराशेच्या वर जाती आहेत. साऱ्या भारतात तेराशेच्या वर.

हे ऐकायला गोड वाटते, पण त्याच भागात नदीकाठची जमीन उपसून सोने काढणाऱ्यांनी मैलोगणती रान उजाड केले आहे आणि नदीत पारा सोडला आहे. गावापुढे दोन्ही वाटा होत्या. त्यांनी हिशेब करून एक घेतली.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. मंडणगड तालुक्यातले वेळास. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात, आणि पूर्वी ती अंडी माणसे-कोल्हे पळवत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. कासवांची घरटी मालगुंड-गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरही होतात. धनेशासाठी देवरूखची सह्याद्री संकल्प सोसायटी काम करते. धनेश खातो त्या झाडांची रोपे तयार करणे हे तिचे एक काम.

गंमत अशी की हे काम ककणेर स्वतःही करतो. फळ खाऊन बी ओकून टाकतो. त्या रायवळाखाली आम्ही पाहिले, बियांचा सडा पडला होता. वहिनींच्या सासऱ्यांनी त्यातली काही रोपे पिशवीत लावून ठेवली आहेत. कलमांना वारा अडवायला बांधावर लावणार.

कोणाला जायचे असेल तर सांगते. किनाऱ्यावरचे परदेशी पाहुणे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. ककणेराचे घरटे फाल्गुन ते ज्येष्ठ. दुर्बीण आठ पट दाखवणारी पुरे, त्याहून मोठी हातात थरथरते. रंगीत कपडे आणि अत्तर नको. घरट्याजवळ जायचे तर यजमानांना विचारून, लांबून, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या वर थांबू नये. माणूस दिसला की नर फिरत राहतो आणि आत जेवण पोचत नाही. आम्हालाही वहिनींनी तिसरी खेप होताच उठवले. समुद्रात मात्र पोहायला उतरू नका. गणपतीपुळ्याचा किनारा वरून शांत दिसतो, आत ओढ आहे आणि दरवर्षी माणसे जातात. आणि आपल्या शिवारात आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडे तोडायची असतील तर १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या बांधावरचे का असेना. लाकूडवाला हे सांगत नाही.

ज्येष्ठात वहिनींचा फोन आला होता. पाऊस सुरू झाला होता. ढोलीचे दार फुटले, मादी बाहेर आली, आणि मागोमाग दोन पिल्ले. एक लगेच उडाले, दुसरे दिवसभर फांदीवर बसून ओरडत राहिले, बाप खालच्या फांदीवरून उंबर दाखवत होता. सासूबाईंनी फोन कानाशी धरून दोनदा ऐकले. गौरी-गणपतीला मुंबईचे सगळे भाऊबंद गावी येणार आहेत, तेव्हा अकराही जण एकत्र बसणार, आणि झाडाचा विषय तेव्हा निघणार आहे.